मिस एथेलिन आणि थेअरांचा कोट

अमेरिकेच्या दक्षिणेतल्या टॅलबर्टमध्ये फुटबॉलच्या शनिवारी कोट-टाय न घालता मैदानावर जाणारा मुलगा एकतर आजारी असतो, नाहीतर उत्तरेकडचा. सप्टेंबरात इथे दुपारी बाराला कुत्रीसुद्धा गाडीखालून हलत नाहीत. पण आमच्या कॉलेजची पोरं गळ्याशी टाय आवळून, घामाने थबथबत, आपला संघ हरताना बघतात. संघ बहुधा हरतोच. इस्त्री मात्र शेवटच्या मिनिटापर्यंत टिकलेली असते.

त्या इस्त्रीमागे मेन स्ट्रीटवरच्या क्रेनशॉ यांच्या कपड्यांच्या दुकानाची मागची खोली आहे. तिथे उत्तरेच्या खिडकीखाली मिस एथेलिन गॅड्सडेन बसतात. चौतीस वर्षं झाली. दुकानात नवा कोट घेतला की तो आधी मागे जातो. बाही अर्धा इंच वर, पाठ थोडी आत, पँटची उंची बुटाला जेमतेम टेकेल इतकी. तिथून बाहेर आलेला कपडा आजवर कुणी तक्रार घेऊन परत आणलेला नाही, हे त्या स्वतःहून सांगत नाहीत. विचारलं तर लगेच सांगतात.

त्यांचा जन्म इथून वीस मैलांवरच्या कापडगिरणीच्या गावात झाला. आई गोऱ्यांच्या घरचे शर्ट इस्त्रीसाठी आणायची. घरात सात मुलं. रविवारी चर्चला निघताना आई दारात उभी राहायची आणि प्रत्येकाची कॉलर, बाही आणि टाच तपासल्याशिवाय बाहेर सोडायची नाही. एकदा धाकट्या भावाच्या बाहीचा दोरा लोंबत होता म्हणून सगळ्यांना परत आत जावं लागलं आणि पहिली दोन भजनं चुकली. मिस एथेलिन हे सांगतात तेव्हा आईला कठोर ठरवत नाहीत. दोष भावालाच देतात.

कुठला मुलगा कुठल्या राज्यातला, हे त्यांना विचारावं लागत नाही. टेक्सासच्या पोराच्या पँटला इतकी खळ असते की काढून ठेवली तर ती एकटी उभी राहील, आणि कोटाखाली हमखास गुरं हाकायचे बूट. चार्ल्सटनचा मुलगा पोपटी, गुलाबी आणि फिकट जांभळ्यात येतो, मिठाईचं ताट मांडल्यासारखा. व्हर्जिनियाचा असेल तर कमरेच्या पट्ट्यावर कोल्हे भरतकाम केलेले, आणि त्या कोल्ह्यांबद्दल तो बोलतोही. ओहायोच्या पोराचा स्वेटर बर्फाच्या वादळासाठी विणलेला असतो. आईने दिलाय म्हणून तो इथल्या ऑक्टोबरात घालतो आणि दुसऱ्या डावात चक्कर येऊन पडतो. कॅलिफोर्नियाचे क्वचित येतात. इथल्या पोरांसारखाच त्यांचाही कोट निळा, बटणंही पितळी, पण मोजे नसतात आणि केस ओले असतात.

पार ईशान्येकडच्या न्यू इंग्लंडचा नमुना मात्र त्यांच्या हाताखालून कधी गेला नव्हता. तिकडची मुलं तिकडेच शिकतात. तीन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात, पालकांच्या शनिवारच्या आधीच्या सोमवारी, विन्स्लो थेअर काखेत कोट घेऊन मागच्या खोलीच्या दारात उभा राहिला.

उंच, लाल कानांचा मुलगा. पायात होडीवर घालायचे चामडी बूट, त्यातल्या एकाला चिकटपट्टी गुंडाळलेली. शर्टाच्या कॉलरची घडी झिजून आतलं पांढरं दिसत होतं.

"मॅम, एक बटण तुटलंय. शनिवारच्या आत लावून मिळेल का?"

मिस एथेलिननी कोट उलगडला. तपकिरी लोकरीचा, जाड, चांगल्या विणीचा. दोन्ही बाह्यांचे काठ झिजून दोऱ्यांची झालर झाली होती. उजव्या कोपराला पावलीएवढं भोक. खिशाचा कोपरा फाटून लोंबत होता, अस्तर काखेत उसवलेलं, आणि सगळ्या कोटाला ओल्या कुत्र्याचा वास.

"फक्त बटण?"

"फक्त बटण, मॅम."

"बाळा, घरी सगळं ठीक आहे ना?"

"हो, मॅम. का?"

"काही नाही. जेवलास का?"

विन जेवला होता, पण त्याला शेंगदाण्याची बिस्किटं घ्यावीच लागली. तो गेला आणि मिस एथेलिन बराच वेळ कोटाकडे बघत बसल्या. शनिवारी आईबाप येणार, सगळ्यांची पोरं नटून उभी राहणार, आणि हे लेकरू असल्या कोटात. बोलायची लाज वाटली असेल बिचाऱ्याला, म्हणून बटण म्हणाला.

आठवडा गर्दीचा होता. खुंटीवर एकेचाळीस पँटी आणि नऊ मुलींचे झगे होते. ते बाजूला ठेवून त्यांनी दोन दिवस त्या कोटाला दिले. बाह्यांची झालर कापून काठ आत दुमडला आणि बारीक टाक्यांनी बसवला. कोपराला असं रफू केलं की बोट फिरवूनही कळू नये. अस्तर बदललं, खिसा नीट केला, व्हिनेगर आणि वाफ देऊन कुत्रा घालवला.

"एथेलिन, एका बटणाला दोन दिवस?" दुकानाचे मालक हॉलिस क्रेनशॉ दारातून म्हणाले.

"बटण कालच लावलं. आता पोराची लाज झाकतेय."

"त्याने सांगितलंय झाकायला?"

"अशी गोष्ट कोण सांगतं, मिस्टर क्रेनशॉ?"

बुधवारी दुपारी विन आला. सोबत त्याच्या खोलीत राहणारा पिंकनी होता, चार्ल्सटनचा, त्या दिवशी नखशिखांत पिस्त्याच्या रंगात. मिस एथेलिननी कोट हँगरवरून काढला आणि झटकून समोर धरला. त्यांचा चेहरा असा होता, जणू वाढदिवस त्यांचाच आहे.

विनने एक बाही हातात घेतली, मग दुसरी. मग कोपर पाहिलं.

"बाही कुठे गेली?" त्याचा आवाज फाटला होता.

"कुठे गेली म्हणजे? ही काय."

"नाही, मॅम. ती दुसरी. ती... झिजलेली."

"अरे, ती काढली मी. पैसे नकोत हं मला, तू काळजी करू नकोस."

विन खाली स्टुलावर बसला. पिंकनीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "झकास झालाय रे! खरं सांगू? मी तुला माझे जुने शर्ट द्यायचं ठरवलं होतं. मला वाटलं होतं, तुझी परिस्थिती..."

"कसली परिस्थिती?"

"म्हणजे, ते बूट वगैरे."

"ते बूट माझ्या काकाचे आहेत," विन म्हणाला, जणू यापुढे काही बोलायची गरजच नव्हती.

मग सगळं बाहेर आलं. थेअर मंडळी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावर चौदा खोल्यांच्या घरात राहतात आणि त्यातल्या दोनच गरम करतात. स्वतःचा धक्का आहे, दोन होड्या आहेत. कोट आजोबांचा. वारल्यावर तो थोरल्या नातवाकडे, म्हणजे विनकडे आला, पण एका अटीवर. बटणाखेरीज कशासाठीही तो शिंप्याकडे जाता कामा नये. गेला, तर धाकटा चुलतभाऊ एम्स त्याचा मालक. आजी दरवर्षी स्वतः कोट तपासते. आणि आजी शनिवारी अकरा वाजता टॅलबर्टमध्ये उतरणार होती.

"एम्सला तो बसतो तरी का?" मिस एथेलिननी विचारलं.

"नाही. पण हवाय."

"घर, होड्या, ते कुणाला?"

"ते आहेच हो सगळं," विन वैतागून म्हणाला. "त्याचं कुणाला काय पडलंय? कोट एकच आहे. मी सहा वर्षांचा असताना आजोबा मला या कोटात गुंडाळून होडीवर न्यायचे."

"मला सांगायचं नाहीस?"

"मी बटण म्हटलं होतं, मॅम. दोनदा."

"म्हटलं होतंस," मिस एथेलिननी कबूल केलं. जरा थांबून त्या म्हणाल्या, "तुझ्या आजोबांना नवा घेणं जमण्यासारखं नव्हतं?"

"जमलं असतं की. पण मग तो नवा दिसला असता."

"अस्सं. आमच्याकडे असा कोट घालून चर्चला गेलं, तर संध्याकाळी लोक घरी डबा पोचवतात."

"आमच्याकडे नवा घालून गेलं तर लोक विचारतात, काही विकायला निघालास का?"

पिंकनीने स्वतःच्या पिस्त्याच्या पँटकडे एकदा पाहिलं.

मिस एथेलिन उठल्या. शिलाईच्या मशीनखालून त्यांनी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा काढला. कपड्यातून कापलेला तुकडा, कपडा गिऱ्हाइकाच्या अंगावर चढेपर्यंत, त्या फेकत नाहीत. डब्यात चिठ्ठी लावलेली कागदी पुडी होती. पुडीत दोन्ही बाह्यांची झालर होती, खिशाचा लोंबता कोपरा होता, आणि घडी घातलेलं जुनं अस्तर.

"शनिवारी अकरा म्हणालास?"

"हो, मॅम."

"साडेदहाला ये. आणि तोवर एम्सशी बोलू नकोस."

तोवरच्या एकतीस वर्षांत त्यांनी चांगलं केलेलं काम मुद्दाम बिघडवलं नव्हतं. सुरुवात कुठून करायची हेच कळेना. तपकिरी लोकर दिव्याखाली खोटं बोलते, म्हणून गुरुवारी आणि शुक्रवारी सकाळी आठ ते चार, खिडकीचा उजेड असेपर्यंतच काम चाललं. स्वतःचं रफू त्यांनी ब्लेडच्या टोकाने एकेक दोरा करत उसवलं. आपलं काम किती घट्ट असतं ते त्यांना पहिल्यांदाच कळलं आणि दोन-तीनदा त्या स्वतःवर चिडल्या. कोटाच्याच आतल्या शिवणीतून लोकरीचे धागे ओढून काढले, आणि त्या धाग्यांनी झालर मूळच्या काठाला आतून जोडली, भिंगाखाली, एका इंचाला सव्वीस टाके. झालरीचा कुठला दोरा लांब, कुठला आखूड, कुठल्या बाजूला वळलेला, हे पुडीत जसं होतं तसं ठेवायचं होतं. भोक पुन्हा पावलीएवढं झालं. अस्तर पुन्हा काखेत फाटकं झालं.

"एकेचाळीस पँटी," हॉलिस क्रेनशॉ शुक्रवारी दारातून म्हणाले.

"दिसतात मला."

"आणि तू काय करतेयस?"

"भोक पाडतेय."

ते परत पुढे गेले. एवढ्या वर्षांत कुठे थांबायचं ते त्यांना कळू लागलं आहे.

शनिवारी साडेदहाला विन कोट घालून गेला. पुढचं मैदानावर पालकांच्या जेवणासाठी ठोकलेल्या तंबूंमध्ये घडलं आणि ते मला पिंकनीने सांगितलं. मिसेस ऑगस्टा थेअर विमानतळाहून बसने आल्या, कारण टॅक्सी म्हणजे उधळपट्टी. अंगात कोपरावर विरलेला स्वेटर, पायात चिखल वाळलेले बूट, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. भोवती मोत्यांच्या माळा, फुलाफुलांचे झगे, चांदीच्या तबकांत काकडीची सँडविचेस. दोन तंबूंमधल्या भल्या बायकांनी काही न विचारता त्यांच्या हातात तळलेल्या कोंबडीच्या थाळ्या दिल्या. एकीने तर जवळच्या आश्रयगृहाचा पत्ता सांगितला. मिसेस थेअरनी दोन्ही थाळ्या घेतल्या, आभार मानले आणि पत्ता लिहून घेतला.

मग त्यांनी नातवाला उजेडात उभं केलं. बाह्या पाहिल्या. कोपरातून बोट घातलं. खिसा ओढून बघितला. विनच्या मते सगळं पार पडलं होतं, तेवढ्यात त्यांनी कोटाला नाक लावलं.

"विन्स्लो, कुत्रा कुठे गेला?"

आता विनचं एक आहे, त्याला खोटं बोलता येत नाही. कान आधीच लाल असल्यामुळे ते आणखी लाल झाले की लांबूनही दिसतात.

पावणेबाराला दोघं क्रेनशॉंच्या मागच्या खोलीत आले. माझी पँट त्या वेळी मिस एथेलिनच्या मशीनवर होती, त्यामुळे कपडे बदलायच्या पडद्यामागून मला हलता येण्यासारखं नव्हतं.

"तुम्हीच का त्या?" मिसेस थेअरनी विचारलं.

"मीच."

"काय काय केलंत?"

मिस एथेलिननी सगळं क्रमाने सांगितलं. एकही टाका वगळला नाही, तेव्हा मला तरी तसंच वाटलं. "आणि मग सगळं उसवून होतं तसं केलं."

"म्हणजे तो दोनदा शिंप्याकडे गेला."

"चूक माझी आहे. पोराने बटणच म्हटलं होतं."

"अट चुकीबद्दल काही म्हणत नाही, बाई. अट कोटाबद्दल आहे."

मिस एथेलिननी बोटातलं अंगुस्तान काढून टेबलावर ठेवलं. "मग असं करा. ही खिडकी, हे भिंग. माझा एक टाका शोधून दाखवा. सापडला तर घेऊन जा कोट तुमच्या दुसऱ्या नातवाला."

"मॅम!" विन म्हणाला.

"गप रे तू."

मिसेस थेअरनी पिशवीतून चष्मा काढला. त्याची दांडी मासे पकडायच्या दोरीने बांधली होती. कोट खिडकीशी नेऊन त्यांनी तो इंच इंच पाहिला. बाहेर बँड वाजत गेला, सामना सुरू व्हायची वेळ आली. विन भिंतीला टेकून उभा होता आणि तोंड बंद ठेवून श्वास घेत होता. डावी बाही झाली, उजवी झाली, कोपर झालं, दोन्ही खिसे झाले. अस्तर उलटून झालं.

"नाही सापडत," त्या शेवटी म्हणाल्या. हरल्याचा राग होता, आणि तो लपवलेला नव्हता.

"माझे नाही सापडायचे," मिस एथेलिन म्हणाल्या. "पण ते बाकीचे सात तुम्हाला दिसले असतील."



"कुठले सात?" विनने विचारलं.

"खांद्याच्या शिवणीत दोन. कॉलरखाली एक. पाठीत तीन, आणि डाव्या काखेत एक लांबलचक. चाळीस वर्षांचे तरी असतील काही. रेशमी दोरा. झीज जशी आहे तशी दिसू द्यायची, पण तिच्याखाली कापड फाटू द्यायचं नाही, अशा बेताने घातलेत. ते नसते तर हा कोट तू जन्मायच्या आधीच भांडी पुसायला गेला असता."

"पण आजोबा तर कधीच कुठल्या शिंप्याकडे..."

"शिंप्याचं काम नाही ते. शिकून केलेलं नाही, जपून केलेलं आहे. आणि टाक्यांचा कल उलटा आहे. डावखुऱ्या माणसाचा हात."

मिसेस थेअरच्या डाव्या हातात चष्मा होता. त्यांनी तो उजव्या हातात घेतला, आणि मग आता त्याचा काही उपयोग नाही हे लक्षात येऊन पिशवीत टाकला.

"विन्स्लो, बाहेर जा."

"पण आजी..."

"बाहेर. त्या मांडवात कोंबडी चांगली होती. आणखी घेऊन ये."

तो गेला. मी पडद्यामागे आहे हे मिस एथेलिनना आठवत होतं, पण त्यांनी ते सांगितलं नाही.

"मंगळवारी आणि शुक्रवारी तो होडीवर जायचा," मिसेस थेअर म्हणाल्या. "तेव्हा करायचे. दुपारपर्यंत खुंटीवर परत. त्याला वाटायचं, कोटच चांगला आहे. सगळ्यांना सांगायचा, पाहा, पन्नास वर्षं झाली, एक टाका घातला नाही."

"आणि अट?"

"ती त्याने घातली. मृत्युपत्रातून ती वाचून दाखवली गेली, मग मी काय बोलणार? सगळे जेवायला बसले होते." त्यांनी कोटाची घडी घातली, मग ती मोडून पुन्हा घातली. "आता माझे डोळे राहिले नाहीत. या वर्षी पाठीत आणखी एक टाका हवा होता. मी बघायला आले होते, ती जागा मला दिसते का."

"हवा होता," मिस एथेलिन म्हणाल्या. "घातलाय मी. उसवला नाही."

मिसेस थेअरनी त्यांच्याकडे पाहिलं. "तो मला सापडला नाही."

"मी काय म्हटलं होतं?"

दोघींचं ठरायला पाच मिनिटं लागली. कोट विनकडेच राहील. वर्षातून एकदा, तपासणीच्या आधी, तो मागच्या दाराने इथे येईल, आणि एम्सला आयुष्यभर काही कळणार नाही. मिस एथेलिननी कोपराच्या भोकाबद्दल एकदा शेवटचा प्रयत्न करून पाहिला.

"निदान तेवढं तरी?"

"नाही."

"बोटाएवढं ठेवते."

"पावलीएवढंच."

मग मिस एथेलिननी आपली अट सांगितली. रविवारी हा कोट घालून विनने चर्चच्या रस्त्याने जायचं नाही. मिसेस थेअरनी ती लगेच मान्य केली आणि जाताना दार ओढून घेतलं. त्यानंतर मला माझी पँट मिळाली. एक पाय अर्धा इंच आखूड झाला होता. ती त्यांनी माझ्या अंगावरून उतरवून घेतली आणि मी तिथे उभा असतानाच नीट केली.

विनने अट पाळली, पण कॉलेजला जायला मेन स्ट्रीटखेरीज दुसरा रस्ता नाही. त्या हिवाळ्यात तो रोज दुकानाच्या पुढच्या काचेसमोरून जायचा, झालर हलवत, भोकातून कोपर दाखवत. एका दुपारी मिस एथेलिनच्या चर्चमधल्या मिसेस ड्युबोज आपल्या नातीचा झगा घ्यायला आल्या होत्या, आणि मिस एथेलिन तो घेऊन दुकानात पुढे आल्या होत्या. त्यांनी काचेतून त्याला पाहिलं आणि चुकचुकल्या.

"एथेलिन, ते पोर रोज तुझ्या दारावरून असं जातं. आणि तू इथे सुईदोरा घेऊन बसलेली असतेस. तुला काहीच वाटत नाही?"

मिस एथेलिननी मान वर करून रस्त्याकडे पाहिलं. कोट पाठीत अगदी सरळ बसला होता.

"वाटतं ना," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी झगा घडी घालून कागदात गुंडाळला.